धुरी दिलेली खोली

माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलेच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. मग लिहिणे म्हणजे किराण्याची चिठ्ठी आणि वंदनाला पत्र, एवढेच. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. वाचणार तरी कोण, तर माझ्या थोरल्या जाऊबाई. गुडघ्यांमुळे त्या आता अंगणाच्या पलीकडे जात नाहीत. मी रायपूरला निघाले तेव्हा त्यांनी त्यांची चांगली पिशवी मला दिली आणि म्हणाल्या, "सारं पाहून ये आन् मले सांग." परत आल्यावर त्यांनी विचारले, कसे आहे रायपूर? मी म्हटले, चांगले आहे. पुढे शब्दच निघेना. चार माणसांत मला बोलता येत नाही, आणि जाऊबाई एकट्या असल्या तरी मला चार माणसांसारख्याच वाटतात. म्हणून लिहिते आहे.

आमगावहून निघताना

रायपूरला मी देवदर्शनाला गेले नव्हते. नातीला भेटायला गेले होते.

माझी लेक वंदना दिल्लीला दिली आहे. तिची मुलगी नेहा सहा वर्षांची. नेहाचा जन्म आमच्या घरचा. पहिले काही महिने ती माझ्याच कुशीत झोपली. मग दिल्लीला गेली आणि तिथे तिला दमा निघाला. त्यानंतर एकदा ती आमच्याकडे आली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिचा श्वास लागला. गोंदियाला दवाखान्यात न्यावे लागले. डॉक्टर म्हणाले, मांजराच्या केसांनी झाले. आमची मनी तेव्हा नुकतीच व्यायलेली, घरभर तिची पिल्ले. शिवाय राईस मिल घराला लागून, सगळीकडे कोंडा उडतो. तेव्हापासून जावयांनी नेहाला आमच्याकडे पाठवले नाही. रागाने नाही. प्रकाशराव भला माणूस आहे. पण लेकरू निळे पडलेले ज्याने पाहिले, तो पुन्हा कसा पाठवेल? मनीला सोडून यावे असे मी एकदा म्हटलेही. घरच्यांनी तिला पोत्यात घालून तळ्यापलीकडे नेऊन सोडले. ती त्यांच्या आधी घरी येऊन बसली.

तर वंदनाला माहेर राहिले नव्हते आणि मला नात राहिली नव्हती. फोनवर नेहा "नानी, नमस्ते" म्हणायची. मग काय बोलावे ते तिलाही सुचत नसे आणि मलाही.

अशात प्रकाशरावांना नाताळच्या सुट्टीत रायपूरचे काम निघाले. त्यांची कंपनी कचेऱ्यांमध्ये मशिनी बसवते. नवीन राज्य झाले, रायपूर राजधानी झाली, म्हणजे सगळ्या कचेऱ्या नवीन. वंदनाने सांगितले, आम्ही तिघेही येतो, तू रायपूरला ये, चार दिवस एकत्र राहू. घरच्यांना मिल सोडून येता येत नव्हते. पण मिलमधल्या एका माणसाची बहीण विमलबाई रायपूरला ब्राह्मणपाऱ्यात पाहुण्यांना खोल्या देते, असे कळले. नवऱ्याची रेल्वेची पेन्शन आणि या खोल्या, यावर तिचे चालते. प्रकाशरावांनी विचारून घ्यायला सांगितले, घरात मांजर आहे का? मी फोन लावून विचारले. ती म्हणाली, "मांजर नाई बाई, कधीच नव्हतं." माझा जीव भांड्यात पडला. दोन खोल्यांचे पैसे मी आधीच पाठवून दिले. जावई नको नको म्हणत होते. पण शेवया आणि पापड करून माझ्याजवळ काही जमले होते. लेकीला घरी आणता येत नाही तर निदान ही खोली माझ्या पैशांची असावी, चार दिवस तेच तिचे माहेर, असे मला वाटले.

आणि मला एकच हवे होते. एक रात्र नेहाने माझ्या कुशीत झोपावे.

गाडीतले सांगण्यासारखे थोडेच आहे. दरेकशाच्या बोगद्यात डब्यातल्या सगळ्यांनी बोलणे थांबवले आणि उजेड आल्यावर जिथे सोडले होते तिथूनच पुढे सुरू केले. माझ्या समोरच्या बाया सालेकशापर्यंत मराठीत भांडत होत्या. डोंगरावरचे डोंगरगडचे देऊळ दिसले, सगळ्यांनी हात जोडले, आणि नंतर त्याच बाया तेच भांडण हिंदीत करू लागल्या. भिलाईच्या चिमण्या दिसल्या की समजायचे, आता पिशव्या काढा.

ब्राह्मणपारा

पारा म्हणजे आपला मोहल्ला. गल्ल्या अरुंद, सायकल रिक्षा गेली की माणसाने ओट्यावर चढायचे. देवळे इतकी की एका घंटेचा आवाज संपत नाही तोवर दुसरी वाजते. गावात जिकडे तिकडे नव्या पाट्या. रिक्षावाल्याने मला एक इमारत दाखवली, म्हणाला, इथे आधी दवाखाना होता, आता इथून राज्य चालते. आपल्या तालुक्याच्या कचेरीसमोर असतात तसे झेरॉक्सवाले आणि चहावाले तिथे रांगेने बसले होते.

विमलबाईंचे घर बैठे, मधे अंगण, तीन खोल्या पाहुण्यांच्या. मी दार वाजवले आणि आतून एक मोठा तांबूस कुत्रा आला. त्याचा एक कान दुमडलेला होता. तो भुंकला नाही. माझ्या पदराचा त्याने बराच वेळ वास घेतला. मनीचा वास असणार.

"भिऊ नका," मागून विमलबाई आल्या. "शेरू हाय. त्याले फक्त कोन आलं, कोन गेलं ते पाह्याचं असते."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. त्यांनी माझी पिशवी घेतली, पाय धुवायला पाणी दिले, गरम फरा आणि टमाटरची चटणी समोर ठेवली. फरा म्हणजे भात आणि पीठ मळून केलेले लांबट मुटके, वाफवून फोडणीला टाकलेले. चांगला लागतो. पण माझे सगळे लक्ष त्या कुत्र्याकडे होते. शेरू येऊन माझ्या खोलीच्या दारात लोळला, जसा काही तो तिथेच झोपत असावा. तो खरेच तिथेच झोपत असे. तिसऱ्या खोलीत भोपाळचे एक बाबू होते. राज्य वेगळे झाले तेव्हा फाईलींबरोबर त्यांचीही वाटणी झाली आणि ते इकडे आले. बायको-मुले भोपाळला. ते रोज कचेरीतून आल्यावर शेरूला टोस्ट देत. मला म्हणाले, याच्यामुळे घर असल्यासारखे वाटते.

रात्री भांडी घासताना मी विमलबाईंना हळूच सांगितले की माझ्या नातीला दमा आहे.

त्यांचा हात थांबला. "पन तुमी तं मांजराचं विचारलं होतं."

"हो. तिले मांजरानं झालं होतं."

"कुत्र्यानं होते का?"

"मले माहीत नाही."

चूक कोणाचीच नव्हती. आम्ही मांजराचे विचारले, त्यांनी मांजराचे सांगितले. आपल्या लोकांना विचारलेल्याच्या पुढचे सांगायची सवय नाही आणि मला पुढचे विचारायची नाही.

सकाळी ते तिघे आले. नेहा किती उंच झाली होती. फ्रॉकखालून काड्यांसारखे पाय. मी हात पुढे केले, पण तिने आधी शेरूला पाहिले आणि "डॉगी!" म्हणून तिकडेच धावली. वंदनाने तिला कमरेला धरून उचलले. प्रकाशराव माझ्या पाया पडले, उठले, आणि मग तेही शेरूकडे पाहत उभे राहिले.

विमलबाईच बोलल्या. त्यांनी सगळे स्वतःवर घेतले.

प्रकाशरावांनी विचार केला. म्हणाले, दिवसभर आम्ही बाहेर राहतो, मला काम आहे, या दोघी तलावावर आणि बाजारात फिरतील. तुम्ही कुत्र्याला मागे ठेवा आणि खोल्या धुऊन घ्या. संध्याकाळी पाहू. वंदनाने माझ्याकडे पाहिले. तिला राहायचे होते. तिच्या तोंडावरून मला ते कळले आणि मला फार बरे वाटले.

ते गेल्यावर आम्ही दोघींनी पदर खोचले. विमलबाईंनी शेरूला मागे विहिरीजवळ बांधले. त्याला बांधायची सवय नव्हती. आधी त्याला तो खेळ वाटला, मग तो रडू लागला. बाबू कचेरीत जाता जाता थांबले आणि म्हणाले, "दीदी, इसने क्या किया?" विमलबाईंनी बादली उचलली आणि आत गेल्या.

गाद्या उन्हात टाकून बडवल्या. चादरी उकळल्या. फरशी दोनदा धुतली, भिंती ओल्या फडक्याने पुसल्या. खाटेच्या पट्ट्यांत अडकलेले तांबूस केस मी बोटांनी एकेक काढले. दुपारपर्यंत खोली अशी झाली की उंबऱ्यावर पाय ठेवायला नको वाटावे.

मग विमलबाई म्हणाल्या, "आता धुरी देऊ."

मलाही तेच वाटत होते. बाळंतिणीच्या खोलीला आपण देतो तशी. वंदना झाली तेव्हा माझ्या आईने दिली, नेहा झाली तेव्हा मी दिली. धुरी दिली की खोली शुद्ध झाली, लेकराला वारा लागत नाही, सर्दी होत नाही, हे आपण विचारून शिकत नाही. विमलबाईंनी घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या. मी ओवा टाकला, त्यांनी बाळंतशेपा आणि ऊद टाकला, वरून कडुनिंबाचा पाला. दार-खिडक्या लावून घेतल्या. माझी धुतलेली लुगडी आत दोरीवर होती, त्यांनाही धुरी बसेल म्हणून मी ती तिथेच राहू दिली. दार उघडले तेव्हा सगळ्या खोलीला तोच वास होता, नेहा पंधरा दिवसांची होती त्या दिवसांचा. माझे डोळे भरून आले. मी विमलबाईंना म्हटले, धूर फार झाला. त्या म्हणाल्या, हव, फार झाला.

संध्याकाळी नेहा आली ती दमून. बूट काढले आणि सरळ येऊन माझ्या मांडीवर बसली. कोणी सांगितले नव्हते. "नानी, यहाँ कैसी खुशबू है," ती म्हणाली आणि माझ्या पदरात नाक खुपसले. मी तिच्या केसांतून हात फिरवला. तलावात बदके होती, आईने तिला मुरमुरे दिले, ते तिने बदकांना दिले, असे ती सांगत होती. ते सांगता सांगता खोकली. पुन्हा खोकली. मग तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि तिची बोटे माझ्या हाताला घट्ट धरून बसली.

वंदनाने पिशवीतून पंप काढला. त्याने थोडे बरे वाटले, पण पुरते नाही. गल्लीच्या तोंडावरच दवाखाना होता. प्रकाशरावांनी तिला खांद्यावर घेतले, आम्ही मागे. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी मशीनने वाफ दिली, छाती ऐकली, मग तिच्या फ्रॉकचा वास घेतला आणि हिंदीत विचारले, धूर कोणी केला?

मी आणि विमलबाईंनी एकमेकींकडे पाहिले. वंदनाने आमच्याकडे पाहिले.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, कुत्र्याने कदाचित काही झाले नसते, कदाचित झाले असते, ते सांगता येत नाही. पण दम्याच्या लेकराला धूर म्हणजे विस्तवच. त्या खोलीत आज झोपवू नका. जिच्या कपड्यांना हा वास आहे तिनेही जवळ बसू नये.

मी तिथल्या बाकावरून उठले आणि दाराजवळ जाऊन उभी राहिले.

बाहेर प्रकाशराव मला म्हणाले, "आई, तुमची चूक नाही. तुम्ही दिवसभर राबलात, मला दिसतंय. पण मी तिला तिथं झोपवू शकत नाही." त्यांनी हे इतक्या हळू सांगितले की मला रडताही आले नाही. बस स्टँडजवळच्या एका हॉटेलात त्यांना एकच खोली मिळाली. हॉटेलवाल्याला सांगून त्यांनी तिथला गालिचाही उचलायला लावला. वंदना रिक्षात बसताना म्हणाली, "आई, उद्या ये तू. सकाळीच ये." तिने माझा हात धरला नाही. तिच्या मांडीवर नेहा होती.

परत आल्यावर विमलबाईंनी शेरूला सोडले. तो सगळ्या घरात हुंगत फिरला आणि धुरी दिलेल्या खोलीच्या दारात येऊन, आत न जाता, परत गेला.

पंडरी

सकाळी मी माझी तिन्ही लुगडी हुंगून पाहिली. तिन्हींना धूर. धुतली असती तरी वाळायला त्याच अंगणात टाकावी लागली असती, शेरूच्या केसांत. अंगावरच्यालाही वास होताच. वंदनाने साडी आणलीच नव्हती, ती ड्रेस घालते.

विमलबाई म्हणाल्या, "उठा. पंडरीत जाऊ. नवं लुगडं घेऊ."

मी आजवर एकटीने लुगडे विकत घेतलेले नाही. आधी आईने घेतले, मग सासूने, मग घरच्यांनी आणले. पंडरी म्हणजे कापडाचा थोक, घाऊक बाजार. गाड्यांमधून गठड्या उतरतात, हमाल ओरडतात, आणि बाया फारशा दिसतच नाहीत. गादीवर बसलेल्या दुकानदाराने आम्हाला वर बोलावलेही नाही. म्हणाला, इथे एक-एक मिळत नाही.

विमलबाई पायरीवर बसल्या. "एकच पाहिजे भैया. सुती, जुनी धुतल्यासारखी नरम. रंग पक्का."

"एक साड़ी के लिए गठरी खुलवा रही हो दीदी? घर में शादी है क्या?"

"हव, शादीच समजा," विमलबाई म्हणाल्या. "जिले नेसायची हाय ती रात्रभर रडली हाय."

मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. दुकानदाराने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. मग उठून मागून एक उघडी गठडी आणली. त्यातून फिकट पिवळ्या रंगाचे, हिरव्या बारीक काठाचे एक निघाले. हाताला अगदी मऊ. भाव त्याने थोकचाच लावला. मी पैसे दिले, माझ्या हाताने.

रिक्षात विमलबाई त्या लुगड्यापासून अंग चोरून बसल्या होत्या. त्यांच्या पदरावर शेरूचे केस होते. त्या म्हणाल्या, "तुमी तिकडून धरा. मी हात नाई लावत."

हॉटेलच्या गच्चीवर

नव्या कापडाला खळ असते, तीही धुळीसारखी उडते. म्हणून ते आधी धुवायचे होते, आणि धुवायचे तर हॉटेलातच. मी पिशवी छातीशी धरून आत गेले. काउंटरवरच्या माणसाने कुठे जाता असे विचारले. माझ्या तोंडून नाव निघेना. त्याने मला कामवाली समजून मागच्या जिन्याने पाठवले. ते बरेच झाले, मागच्या जिन्यावर कोणी नव्हते.

वंदनाने दार उघडले आणि मला सरळ न्हाणीघरात ढकलले. मी डोक्यावरून अंघोळ केली. नवे लुगडे दोनदा खळबळून पिळले आणि तिने ते गच्चीवर वाळत घातले. अंगावरचे काढून पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवले. आता नेसायचे काय? वंदनाने तिची मॅक्सी दिली. निळी, वर फुले. मी आयुष्यात मॅक्सी घातली नव्हती. न्हाणीघरातून बाहेर पाऊल टाकवेना.

नेहा पलंगावर बसली होती. रात्रभर झोपली होती, श्वास ठीक होता. तिने मला पाहिले आणि तोंडावर हात ठेवला. मग हसत सुटली. "मम्मी, नानी ने आपके कपड़े पहने!" वंदना हसली. मीही हसले. तेवढ्यात प्रकाशरावांनी दार वाजवले, ते काही कागद विसरले होते. मी पळत पुन्हा न्हाणीघरात. आतून कडी लावून उभी होते आणि बाहेर तिघे हसत होते. माझ्यावरून माझी माणसे अशी हसलेली मी कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती.

ऊन चांगले होते, लुगडे लवकर वाळले. ते नेसून मी गच्चीवर बसले. खाली बसेसची गडबड, पलीकडे नव्या इमारतींचे बांबू. वंदनाने नेहाला आणले. "बस," ती म्हणाली, "आता बस नानीजवळ."

नेहाने आधी पदराचा वास घेतला. "आज खुशबू नहीं है," ती म्हणाली. तिला ते आवडले नाही. पण बसली. मला शेरूचे विचारू लागली. त्याला का बांधले होते, तो रडत होता का? त्याला पण औषध देणार का? मी माझ्या हिंदीत सांगितले की त्याला सोडले आहे आणि तो ठीक आहे. तिने खिशातून अर्धे बिस्कीट काढले आणि माझ्या हातात ठेवले, त्याला दे म्हणून. मग बोलता बोलताच झोपली. डोके माझ्या मांडीवर, एका हातात लुगड्याचा काठ धरून.

रात्र नव्हती. दुपार होती, गच्ची होती, खाली बसवाले "दुर्ग, दुर्ग, भिलाई" ओरडत होते. मी हलले नाही. पाय आधी जड झाले, मग ते माझे आहेत असे वाटेना. वंदना येऊन शेजारी बसली आणि माझ्या खांद्याला टेकली. तीही झोपली की काय, मी मान वळवून पाहिले नाही. नेहाचा श्वास मी ऐकत होते. आत जायचा, बाहेर यायचा, मधे काहीच नाही. शिट्टी नाही.

सावली आली तेव्हा ती उठली. दुसऱ्या दिवशी त्यांची दिल्लीची गाडी होती. प्रकाशरावांचे काम लवकर संपले होते. ते म्हणाले, आई, थांबून उपयोग नाही, तिला दिल्लीच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घेतो. स्टेशनवर मी पिवळेच लुगडे नेसून गेले. हॉटेलात खोली एकच, जावयांसमोर तिथे कशी झोपणार, म्हणून रात्री मी विमलबाईंकडे परतले होते; लुगडे हॉटेलातच ठेवायला दिले आणि सकाळी तिथेच नेसले. नेहाने खिडकीतून हात हलवला. मग गाडी वळायच्या आतच ती दुसरे काहीतरी पाहू लागली. लेकरेच ती.

बिस्कीट मी शेरूला दिले. त्याने ते तोंडात धरून अंगणात नेले आणि बराच वेळ खाल्ले नाही, समोर ठेवून बसला.

परत आल्यावर

निघताना विमलबाई म्हणाल्या, खोल्यांचे पैसे मी परत करीन. मी नको म्हटले. मी स्वतः तर तिथेच राहिले होते, जेवलेही होते. त्यांनी ऐकले नाही. "पोट्टी झोपली नाई त्या खोलीत, मंग पैसे कायचे? धुरी मीच पेटवली." पण पैसे त्यांच्या हातात नव्हते. पुढच्या पडवीवर कवेलू, म्हणजे कौले, घालण्यात गेले होते. म्हणाल्या, जमेल तसे पाठवते.

आणि खरेच पाठवू लागल्या. मनिऑर्डरीने, थोडे थोडे. प्रत्येकीच्या तळाशी दोन ओळी असायच्या. बाबूंची बायको-मुले भोपाळहून आली. शेरूला गोचिड झाले होते, आता बरा आहे. आता पाहुणा येणार म्हटले की त्याच विचारतात, घरात कोणाला दमा, खाज, शिंका आहे का, आणि आमच्या घरी कुत्रा आहे हे आधीच सांगून टाकतात. त्यामुळे एक-दोन पाहुणे आले नाहीत, पण जे आले ते शेरूला टोस्ट घेऊन आले. मी ते वाचून घरच्यांना सांगायचे, मनीला सांगायचे. पोस्टमन गल्लीत दिसला की मला वाटायचे, रायपूरहून कोणीतरी येत आहे.

जाऊबाई, तुम्ही विचारले होते की मी ते पिवळे लुगडे का नेसत नाही. ते धुऊन, जुन्या स्वच्छ चादरीत गुंडाळून, वरच्या फळीवर पेटीत ठेवले आहे. मनी तिथे चढत नाही. नेहा कधी येईल किंवा मला कुठे बोलावतील, सांगता येत नाही. तेव्हा घाई होऊ नये.

परवा शेवटची मनिऑर्डर आली. विमलबाईंनी लिहिले होते, "गच्चीवर एक खोली काढली. जिना उभा हाय, शेरू चढत नाई. चुना मारला, धुरी दिली नाई. कोनाले देत नाई मी ते. किल्ली माझ्यापाशी हाय. आता तुमचे सारे पैसे फिटले."

मी ओट्यावर बसून पैसे मोजले. बरोबर होते. आता मनिऑर्डर येणार नाही, शेरूची खबरही येणार नाही. गच्चीवरच्या त्या खोलीत ऊन कोणत्या बाजूने येत असेल, ते मी मनात ठरवत होते.

पोस्टमन सायकलवर हात ठेवून उभा होता. "पुरे मिळाले न काकी?" त्याने विचारले.

मी हो म्हटले आणि सही केली.